परसातली आगटी

आमच्या कॉलनीत उघड्यावर जाळ करायला बंदी आहे. तसा फलक कोपऱ्यावरच्या लिंबाच्या झाडाला टेकवून उभा केलेला आहे आणि त्यावरचा मजकूर माझा आहे.

म्हणजे नियम महापालिकेचाच. त्यांच्या मजकुरात 'कचरा व पालापाचोळा जाळू नये' एवढंच होतं. मी शाळेत गणित शिकवते, मला ते ढिलं वाटलं. कचरा कशाला म्हणायचं यावर लातूरकर चार दिवस वाद घालतील! म्हणून मी त्यात 'किंवा इतर काहीही' असं घालून घेतलं. 'काहीही' लाल रंगात. (रंगाचा आग्रहसुद्धा माझाच.)

शिवाय कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपची ॲडमिन मी. धूर दिसला की कुणीही फोटो टाकायचा आणि मी तो तक्रारीच्या ॲपवर चढवायचा, ही पद्धतही मीच घालून दिली. दिवाळीनंतर शेजारच्या बिराजदार काकूंनी गेटपाशी लिंबाचा पाला पेटवला, तेव्हा महापालिकेचा माणूस येऊन त्यांना समज देऊन गेला. त्या वेळी मी शेजारी हाताची घडी घालून उभी होते. समज काकू विसरल्या. हाताची घडी विसरल्या नाहीत.

तर डिसेंबरात माझे सासरे, अण्णा, न्हाणीत घसरले. खुब्याचं ऑपरेशन झालं. ते नीट झालं, पण त्यात येळवस, म्हणजे वेळा अमावस्या, हुकली. येळवशीला आमच्याकडे अख्खं शहर शेतात जातं, दुकानं बंद, रस्ते ओस. अण्णांनी जन्मात एक येळवस चुकवली नव्हती. त्या दिवशी ते भिंतीकडे तोंड करून झोपले आणि मग तसेच राहिले. डॉक्टर म्हणाले, "आता चालले नाहीत, तर पुढे चालणारच नाहीत." व्यायाम करून घ्यायला बाई येऊ लागल्या. त्या आल्या की अण्णा डोळे मिटून घ्यायचे. वॉकरवर आम्ही टॉवेल वाळत घालू लागलो.

मला समजूत काढणं जमत नाही. मी सरळ विचारलं, "अण्णा, काय दिलं म्हणजे उठाल?"

भिंत बोलली. "हुरडा."

"आणते की."

"आणलेला न्हाई. आगटीवरचा. गरम. माझ्या हातानं चोळणार."

"देवणीच्या शेतापर्यंत गाडीत बसवणार आहे का तुम्हाला?"

"मग ऱ्हाऊ दे."

"परसात आगटी करते. पण तिथवर तुम्ही स्वतः चालत यायचं. उचलून आणणार नाही."

"बघू," अण्णा म्हणाले. महिनाभरात पहिल्यांदाच ते भिंतीकडून वळले होते.

माझे यजमान एरवी कशातच पडत नाहीत. त्यांनी चहाच्या कपावरून पाहिलं. "सुरेखा, आणि तुझा फलक?"

"फलक जाळण्याबद्दल आहे. आपण भाजणार आहोत."

"त्यावर 'काहीही' लिहिलंय."

"तुम्ही खड्डा खणा."

रविवारी सकाळी देवणीच्या वाटेकऱ्यानं एसटीत घालून गूळभेंडी ज्वारीच्या कणसांचं एक पोतं पाठवलं आणि दुसरं गोवऱ्यांचं. कणसं टपोरी, हिरवीगार. गोवऱ्या मात्र धुळीनं माखलेल्या, कुठे कुठे मुंग्याही. ऑपरेशन झालेल्या माणसाचं खाणं यावर भाजायचं? मी एकेक गोवरी ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसली आणि ताटाळ्यात उभी करून ठेवली.

(हसू नका. तोवर माझा आणि गोवरीचा संबंध होळीपुरताच होता.)

पुसलेली गोवरी पेटत नाही. ती विचार करते, आणि विचार करताना धूर सोडते! यजमानांनी कापूर घातला, जुनी वर्तमानपत्रं घातली, शेवटी तोंडानं फुंकर घालून स्वतःच अर्धमेले झाले. धुराचा एक जाडजूड खांब आमच्या पाण्याच्या टाकीमागून वर चढला. मी त्यावर घमेलं पालथं घातलं. मग एका खांबाचे चार झाले. "वारा घाला, पेटेल आपोआप," असं सांगून मी चटणी कुटायला आत गेले.

दोन लसूण सोलते तोच फोन वाजला. ग्रुपवर बिराजदार काकूंचा फोटो. एक काळी टाकी, तिच्यामागे पांढरा धूर. खाली लिहिलेलं: 'कॉलनीत धूर. ॲडमिनबाई झोपल्या काय?'

झोपल्या! मी! काळी टाकी काय, घरटी एक असते. मी ती नीट पाहिलीसुद्धा नाही. लसणाच्या हातानं ॲप उघडलं, फोटो चढवला, शेरा मारला: 'वारंवार समज देऊनही नागरिक ऐकत नाहीत. कडक कारवाई व्हावी.' ठिकाण आपल्याला लिहावं लागत नाही, तक्रार करणारा जिथे उभा असतो ते ॲप आपसूक उचलतं. मग ग्रुपवर उत्तर टाकलं: 'तक्रार केली आहे. कुणाचीही गय केली जाणार नाही.'

त्या क्षणी माझे डोळे चुरचुरत होते. मला आठवतंय, मी मनाशी म्हणाले, काय निर्लज्ज लोक आहेत, धूर पार माझ्या स्वयंपाकघरात येतोय!

एरवी तक्रारीला आठवडा लागतो. त्या दिवशी अर्ध्या तासात महापालिकेचे निरीक्षक दारात. मला इतका आनंद झाला की मी खुर्चीच पुढे केली.

"या, या! सापडलं का कोण आहे ते?"

"मॅडम, ठिकाण हेच दाखवायलंय."

"ते मी इथून तक्रार केली म्हणून."

"बरं. आणि धूर?"

आम्ही दोघांनी परसाकडे पाहिलं. धुरातून लालभडक डोळ्यांचे माझे यजमान प्रकट झाले. त्यांच्या हातात वारा घालायला एक मोठा पुठ्ठा होता. फलक रंगवण्याआधी मी ज्यावर नमुना करून दिला होता, तोच. निरीक्षकांना लांबूनही 'काहीही' स्वच्छ वाचता आलं.

"तुमचीच तक्रार, तुमचंच ठिकाण, फलक पण तुमचाच," ते हळूच म्हणाले. नोकरीत असा प्रसंग त्यांच्यावर पहिल्यांदाच आला असावा.

कंपाउंडच्या भिंतीवर बिराजदार काकूंचं डोकं उगवलं. "मी काय खोटं लिवलं व्हतं का? कॉलनीतच हाय की धूर!"

"काकू, तुम्हाला माहीत होतं कुणाचा आहे ते?"

"तुज्या टाकीवर तूच घराचा नंबर घातलायस की ग, तारखेसकट. धुवायची तारीक!"

निरीक्षकांनी नळाखालची भरलेली बादली उचलली. "विझवावं लागंल, मॅडम."

नेमके तेव्हाच घमेल्याखाली लाल निखारे धरले होते. यजमानांनी पहिली पाच-सहा कणसं खुपसली होती आणि तो वास, धुरामागून का होईना, सुटला होता.

आतून आवाज आला. टक. थांबून, टक.

"कोण इझवायलंय रे?"

स्वयंपाकघराच्या दारात अण्णा उभे होते. वॉकर हातात, त्यावरचा टॉवेल खांद्यावर. धरायला कुणी नाही. यजमान पुढे धावणार, तेवढ्यात मी त्यांचा सदरा मागून पकडला. करार म्हणजे करार.

"थांबा ओ सायेब जरा," भिंतीवरून काकू दबक्या आवाजात म्हणाल्या. निरीक्षकांनी बादली खाली ठेवली.

दार ते आगटी, सतरा पावलं. मी मोजली. सतराव्या पावलाला अण्णा खुर्चीत बसले, कणीस मागितलं, तळहातावर घेऊन चोळलं, फुंकर मारून फोल उडवलं. एक दाणा खाली पडला नाही. पहिली मूठ पाहुण्याची. त्यांनी ती निरीक्षकांपुढे धरली.

"आजोबा, मी ड्युटीवर हाव."

"मग उभ्यानं खा."

त्यांनी उभ्यानं खाल्ला. "गूळभेंडी हाय व्हय?"

"देवणीची!" अण्णा म्हणाले, ऑपरेशनआधीच्या आवाजात.

शेवटचं कणीस अण्णांच्या हाती आल्यावर निरीक्षकांनी आगटीवर स्वतः पाणी ओतलं आणि दंडाची पावती फाडली. "मॅडम, नोंद झालेली तक्रार मागं घेता येत न्हाई. वरून तुम्ही 'कडक' लिवलंय." बरोबरच होतं. मी तरी सोडलं असतं का?

काकूंना वाटीभर हुरडा द्यायला गेले तर त्यांचा नातू खोकत होता. तो खोकला माझ्या धुराचा होता. म्हणजे नियमात काही चूक नव्हती. आजही माझं मत तेच आहे. पण उशिरा का होईना, मी विचारलं, "काकू, दिवाळीत तो पाला कशाला पेटवला होता?"

"ह्याला डास फोडून खायलेत. तुंबलेल्या नालीचा फोटो दोनदा टाकला तुज्या ग्रुपवर. तू म्हणलीस, हितं फकस्त धुराचं टाका."

म्हणाले होते. शब्दशः. त्यांच्या अंगणात उभं राहूनच मी नालीची तक्रार केली. (ठिकाण आधी दोनदा तपासलं.)

अण्णा आता रोज सतरा पावलं जातात आणि सतरा येतात. विझलेल्या आगटीपाशी उभे राहून पुढच्या वर्षी ती किती खोल खणायची ते सांगतात. शिवाय, "गोवरी पुसत नसतेत, सुनबाई," हे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकासमोर.

आठवड्यानं ॲपवर संदेश आला: 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. आपण समाधानी आहात का?' मी पाच तारे दिले आणि सवयीनं शेराही लिहिला: 'कारवाई जलद, कर्मचारी सौजन्यशील. मात्र सदर महिला पुढच्या हुरड्याला पुन्हा असंच करण्याची दाट शक्यता आहे. लक्ष ठेवावे.'