पांढऱ्या साडीत ताईचा चेहरा

ताईने लग्नाला होकार दिला तो एका अटीवर. मुलगा तिला पसंत होता, त्याच्या घरची माणसं पसंत होती, हॉलसुद्धा पसंत होता. अट एवढीच, की लग्नाचा व्हिडिओ काढायचा नाही.

"अगं, लोक काय म्हणतील?" आई म्हणाली.

"लोक म्हणतील, व्हिडिओ नाही काढला. म्हणू देत."

ताई माझी थोरली बहीण. येरवड्यात आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर एका शाळेत विज्ञान शिकवते. एकदा नाही म्हणाली, की तिच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. पण या नकारामागचं कारण मला माहीत होतं आणि त्या कारणाचा मला तिच्यापेक्षा जास्त राग होता.

आमच्या बौद्ध घरांत लग्नाला वधू-वर पांढऱ्या कपड्यांत असतात. करवल्या पांढऱ्यात, मामा-मावश्या पांढऱ्यात, निम्मा हॉल पांढरा. दोन वर्षांपूर्वी मामेबहिणीच्या लग्नात ताई करवली होती. नंतर व्हिडिओ आला तेव्हा आम्ही सगळे मामाकडे टीव्हीसमोर जमलो. पडद्यावर ताईची साडी छान दिसत होती, धागा न् धागा मोजून घ्यावा. साडीच्या वर मात्र अंधार होता. मामा म्हणाला, "ही साडी एकटीच आलीय का लग्नाला?" सगळे हसले. ताईही हसली. मी तिच्या शेजारी बसले होते. ती हसताना उशीचा कोपरा पिळत होती, हे मला दिसत होतं.

मामा मनाचा वाईट नाही. त्याने दुसऱ्या दिवशी व्हिडिओवाल्याला झापलं, तेव्हा त्या माणसाने सगळं उजळ करून नवी प्रत दिली. ती पहिलीपेक्षा भयंकर निघाली. साड्या विरघळून गेल्या आणि ताईच्या चेहऱ्याला कुणीतरी चुलीतली राख फासल्यासारखं झालं. तेव्हा ताई मला म्हणाली, "पहिल्या व्हिडिओत मी नव्हते. दुसऱ्यात दुसरीच कुणीतरी होती. काळी आहे मी, त्याचं काही नाही. पण मला नाक-डोळे आहेत, ते तरी दिसू द्या की!"

त्यानंतर कुठेही कॅमेरा निघाला, की ताई पाणी आणायला जायची. आमच्या घरात त्या काळात इतकं पाणी कुणीही मागत नव्हतं.

आता तिचं स्वतःचं लग्न, आणि त्यातही ती कुठे दिसणार नाही म्हणजे काय? तिच्या लेकरांनी उद्या विचारलं, तर काय दाखवायचं, हॉलची पावती? मला हे सहन होईना. मी म्हणाले, "मी काढते व्हिडिओ."

"तू? तू फळ्याचे व्हिडिओ काढतेस," ताई म्हणाली.

ते खरंच होतं. मी कोथरूडला एका क्लासमध्ये नोकरी करते. गणिताचे सर शिकवतात, मी ते डीएसएलआर कॅमेऱ्यावर चित्रित करते, काटछाट करते आणि मुलांसाठी नेटवर चढवते. लागले तेव्हा मला कॅमेऱ्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. सगळं ऑटोवर टाकायचं आणि लाल बटण दाबायचं, इतकीच माझी विद्या. पण सर पांढऱ्या बोर्डाजवळ गेले, की चित्र आपोआप काळवंडायचं आणि ते बाजूला आले, की उजळायचं. पहिला व्हिडिओ बघून सर शांतपणे म्हणाले, "मॅडम, मी गणित शिकवतोय. तुम्ही मला सरडा केलंय."

पुण्यात अपमान असा होतो, आवाज न चढवता. घरी येईपर्यंत मी बसमध्ये स्वतःशी भांडत होते. पण त्या रागातच मी मॅन्युअल शिकले, म्हणजे सगळं आपल्या हाताने ठरवायचं. आधी शटर, म्हणजे एकेका चित्राला उजेड किती वेळ द्यायचा ते. आपल्याकडच्या विजेवर ट्यूबलाइट लुकलुकतात, ते डोळ्यांना दिसत नाही, पण कॅमेऱ्याला दिसतं. म्हणून सेकंदाला पंचवीस चित्रं घ्यायची आणि शटर एक-पन्नासांशवर खिळा ठोकल्यासारखं ठेवायचं, नाहीतर सरांच्या मागे भिंतीवर पट्टे सरकतात. मग ॲपर्चर, म्हणजे भिंगाची खिडकी. ती फार उघडली, की सरांचं नाक स्पष्ट आणि कान धूसर. राहिलेला उजेड भरून काढायला आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, पण तोही बेताने, नाहीतर चित्रावर रवा पेरल्यासारखे कण येतात. तिन्ही एकदा ठरवले, की सर बोर्डाकडे जावोत नाहीतर घरी जावोत, चित्र जागचं हलत नाही. महिन्याभरात सरांच्या तक्रारी बंद झाल्या. त्यांच्याकडून शाबासकी म्हणतात ती एवढीच.

हे सगळं मी ताईला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, शाळेत एखाद्या मुलाचं उत्तर ऐकावं तसं. मग म्हणाली, "बरं. प्रयोग कर. मी पांढरी साडी नेसून बसते. पण निष्कर्ष मी काढणार. आवडलं नाही, तर लग्नात कॅमेरा दिसता कामा नये."

सरांकडे कॅमेरा मागितला. ते म्हणाले, "न्या. पडला, तर तुम्हीही तिथेच पडून राहा."

रविवारी सकाळी आमच्या पुढच्या खोलीत प्रयोग सुरू झाला. ताई आईची जुनी पांढरी साडी नेसून खुर्चीत बसली. चेहऱ्यावर भाव असा, की दातांच्या डॉक्टरकडे आलीय. कॅमेऱ्यात खाली एक छोटी पट्टी असते, मध्ये शून्य, दोन्ही बाजूंना खुणा. काटा शून्यावर आला, की उजेड बरोबर, असं मी समजत होते. मी साडीवर रोखलं, आयएसओ कमी केला, काटा शून्यावर आणला, चित्र घेतलं. ताईला दाखवलं. साडी सुरेख, वर अंधार.

"मामाला बोलवू का?" ताई म्हणाली.

मी चेहऱ्याजवळ गेले, फक्त गालावर माप घेतलं, पुन्हा काटा शून्यावर आणला. या वेळी साडी विरघळली आणि ताईच्या गालांवर ती राख आली. दोन्ही व्हिडिओ मी माझ्या हातांनी पुन्हा काढून दाखवले होते. मला रडू यायचंच बाकी होतं. आईने चहा आणला, बघितलं आणि कप ठेवून गेली.

चहा पिताना ताईनेच विचारलं, "तो काटा शून्यावर हवा, हे कुणी ठरवलं?"

"कॅमेऱ्याने."

"त्याने मला पाहिलंय का याआधी?"

मी चिडून म्हणाले, की त्याने कुणालाच पाहिलेलं नाही. आणि म्हणता म्हणता माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या पट्टीला समोर काय आहे ते कळतच नाही. समोर जे येईल ते मधल्या राखाडी रंगाचं करायचं, एवढंच तिला येतं. साडी दाखवली, की साडीला राखाडीकडे खाली ओढते आणि चेहरा बुडतो. काळा गाल दाखवला, की त्यालाही राखाडीकडे वर ओढते आणि गालाला राख लागते. साडीला पांढरं राहायचंय, ताईला काळं राहायचंय, आणि हा मधे बसलेला पंच दोघींना एकाच रंगात रंगवायला निघालाय. मग त्याचं ऐकायचंच कशाला?

मी ताईला खिडकीच्या कडेला, पण उन्हाबाहेर बसवलं. खिडकीवर आईची पातळ ओढणी बांधली, म्हणजे ऊन मवाळ होऊन येईल. पुन्हा गालावर माप घेतलं आणि काटा शून्याच्या एक घर खाली ठेवला. पट्टीच्या मते हे चूक होतं. बघितलं तर ताईच्या कपाळावर जी चकाकी असते, ती आली. भुवया आल्या. डाव्या डोळ्याखालचा तीळ आला. साडीच्या निऱ्या जेमतेम दिसत होत्या, पण दिसत होत्या. मी कॅमेरा तिच्या हातात दिला.

ताई पडद्यावर बघत राहिली. इतकी, की मला वाटलं, झालं, संपलं. मग तिने बोटाने तो तीळ पुसून पाहिला, पडद्यावरचा कण समजून. तो पुसला गेला नाही.

"हं," ती म्हणाली. "आण कॅमेरा लग्नात."

मी आयुष्यात बऱ्याच परीक्षा दिल्या आहेत. कुठल्याच निकालाला इतका आनंद झाला नव्हता.

लग्नाच्या दिवशी मी हॉलवर सगळ्यांच्या आधी गेले. बुद्धमूर्तीसमोर, जिथे ताई उभी राहणार होती तिथे, मावशीला उभं केलं, ट्यूबलाइट बघितले, मागच्या दारातून येणाऱ्या उन्हासमोर पडदा ओढला. मग ताई साडी नेसून आली तेव्हा तिलाच तिथे उभी करून तिच्या गालावर माप घेतलं. शटर, ॲपर्चर, आयएसओ, सगळं ठरवून ठेवलं. आता कुणी हात लावायचा नाही, असं मी कॅमेऱ्यालाच बजावलं.

ताई उरलेली तयारी करायला परत खोलीत गेली. आणि मग ती तयार होऊन बाहेर आली.

मावशीने आहेर म्हणून पार्लरवाली आणली होती. कुणाला न सांगता, प्रेमाने. ताईच्या चेहऱ्यावर दोन छटा गोरं काहीतरी थापलं होतं. मानेपर्यंत गोरी, त्याखाली ताई. मावशी डोळे पुसत म्हणाली, "बघ, कशी दिसतेय!" सगळ्या बायका "छान, छान" म्हणाल्या. माझं डोकं असं फिरलं, की मी मावशीला काहीतरी तोडून बोलणार, एवढ्यात ताई माझ्याजवळ आली आणि कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकावली. तिथे राख होती, मामाकडच्या टीव्हीवरचीच.

"आता सेटिंग बदलावं लागेल?" तिने हळूच विचारलं.

"एक चाक फिरवायचंय फक्त. एक घर खाली. निघून जाईल ती राख."

"म्हणजे हा गोरा रंग नीट दिसेल."

"हो."

बाहेर माणसं जमायला लागली होती, लग्न लावणाऱ्या बौद्धाचार्यांनी दोनदा माइक फुंकून पाहिला होता. मग ती म्हणाली, "सेटिंग राहू दे. चेहरा बदलते."

आणि ती बेसिनकडे गेली. पदर कमरेला खोचून, साबण लावून, शाळेतून आल्यावर धुते तसा तिने खसाखसा चेहरा धुतला. पार्लरवाली ओरडली, "अहो, मी सकाळपासून बसलेय!" मावशी बेसिनपाशी धावली. ताईने ओल्या हाताने मावशीचा हात धरला आणि म्हणाली, "मावशी, तुझ्या आहेराचं काजळ ठेवते. तेवढं तूच लाव." मावशीने रडत रडत काजळ लावलं, म्हणून ते एका डोळ्याला जरा जाड झालं.

मी पुन्हा गालावर माप घेतलं. काटा शून्याच्या एक घर खाली. जागच्या जागी.

त्रिशरण, पंचशील झालं, मेणबत्त्या लागल्या. मामा माझ्या खांद्यामागे उभा राहून पट्टीकडे बघत होता. "अगं, तुझा काटा मध्ये नाहीये."

"माहीत आहे, मामा."

"मग मध्ये आण की."

"मामा, तुम्ही बाजूला उभे राहा, नाहीतर तुम्हालाच चौकटीत घेते, पाठमोरे."

तो गेला. हार घालताना जिजाजींचा हार ताईच्या कानातल्यात अडकला. सोडवायला दोघांचे चार हात लागले आणि ताई हसली. उशी न पिळता, पूर्ण तोंडाने. मीही हसले, म्हणून तेवढ्या भागात चित्रही जरा हललं आहे. ते मी काढून टाकलेलं नाही.

आठवड्याने ताई आणि जिजाजी जेवायला आले. जेवण झाल्यावर मी लॅपटॉप मेजावर ठेवला. जिजाजी दोन मिनिटं बघून म्हणाले, "यात मी फार घाबरलेला दिसतोय," आणि बडीशेप शोधायला गेले. ताई खुर्चीत बसून सगळं बघत होती. पाणी आणायला उठली नाही.

हाराचा प्रसंग आला तेव्हा आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली आणि ताईच्या मागे उभी राहिली. ताई हुबेहूब आईवर गेलीय, असं आजी नेहमी म्हणायची. आई पडद्याकडे बघत राहिली.

"आमच्या लग्नात फोटो काढायला कुणी नव्हतं," ती म्हणाली. आम्हाला हे माहीत होतं, पण ती ते कधी बोलली नव्हती. "मी तेव्हा कशी दिसत होते, मला माहीतच नाही. घरात आरसासुद्धा हातभर होता." मग तिने पडद्यावरच्या ताईकडे बोट केलं. "अशीच दिसत असेन, नाही गं?"

ताईने व्हिडिओ मागे नेला, हसण्यावर आणून थांबवला, आणि उठून आईला आपल्या खुर्चीत बसवलं.

"घाई नाहीये," ती म्हणाली. "नीट बघ."