काळा पडलेला ईसीजी

आमच्या परभणीकडं कागद जपायचा म्हणजे लॅमिनेशन करायचं. मी सातवीत शाळा सोडली, तो दाखलासुद्धा लॅमिनेशन केलेला. सातपूरला यांच्या कंपनीच्या तपासणीत डॉक्टरांनी यांचा ईसीजी माझ्या हातात दिला. "रेघ जरा वेगळी आहे, काळजीचं काही नाही. पण हा जपून ठेवा, पुढं लागेल," म्हणाले. दुसऱ्याच दिवशी मी तो लॅमिनेशन करायला झेरॉक्सच्या दुकानात गेले. कागद मशीनमध्ये पांढरा गेला आणि बाहेर आला तो काळाकुट्ट. हा कागद उष्णतेनं काळा पडतो, हे दुकानदारालाही ठाऊक नव्हतं. "असला कसला कागद आणला, ताई?" उलट मलाच बोलला. मी तो फाइलीत तळाशी सारला. यांना सांगायचं धाडस झालं नाही.

दोन वर्षांनी एका सकाळी मी डबा भरत होते, आणि हे भिंतीला टेकून खाली बसले. छातीत दुखतंय, हात जड, दरदरून घाम. शेजाऱ्यांच्या रिक्षातून दवाखान्यात नेलं. सिस्टरनं छातीवर वायरी चिकटवल्या. मशीनमधून पट्टी निघाली, डॉक्टर मॅडमनी ती निरखून बघितली.

"ही रेघ इथं खाली यायला हवी, वरच राहिलीय. आधीपासून अशी आहे की आज झाली? जुना ईसीजी आहे?"

"घरी आहे," मी बोलून गेले.

"मग मागवा लवकर. आजची असेल तर हृदयाची नळी बंद पडतेय, लगेच आत घ्यावं लागेल."

फोन हातात घेऊन मी उभीच. कुणाला लावणार? आपलं माणूस इथं कोण होतं?

"लावा ना ताई फोन. मुहूर्त बघताय का?" सिस्टर खेकसली.

"काळा पडलाय तो. मीच लॅमिनेशन केलं."

वाटलं, आता हाकलून देतील. ती एकदम मऊ झाली. "तुम्ही काही पहिल्या नाही. एकानं तर फ्रेम करून आणला होता."

मॅडम म्हणाल्या, "दहा-दहा मिनिटांनी काढत राहू. जुनी असेल तर रेघ तशीच राहील. आजची असेल तर बदलेल." वायरींच्या जागा हलू नयेत म्हणून सिस्टरनं पेननं छातीवर खुणा केल्या.

दुसरी पट्टी पहिल्यासारखीच. देवाकडं काय मागावं तेच कळेना. रेघ हलू नये म्हणावं, तर यांचे ओठ पांढरे पडत चाललेले. हलू दे म्हणावं, तर ते कुठल्या तोंडानं म्हणायचं?

तिसऱ्या पट्टीवर मॅडमनी बोट ठेवलं. मला त्यातलं काही कळत नाही, तरी दिसलं. रेघ दोन चौकोन वर चढली होती. "आजचीच आहे. चला."

सही करून मी ट्रॉलीबरोबर धावले. "अहो, तो जुना कागद मीच खराब केला."

"माहीत आहे," हे पुटपुटले. "मागंच बघितला होता फाइलीत. तू रडशील म्हणून बोललो नाही."

दार बंद झालं. रेघेची वाट बघण्यात गेलेल्या त्या वीस मिनिटांत यांच्या हृदयाचं किती नुकसान झालं, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही.

बऱ्याच वेळानं सिस्टर बाहेर आली. "नळी उघडली, ताई. बसा आता."

मी तिचे पाय धरायला वाकले, तर ती मागं सरकली. "पाय राहू द्या. आधी या पट्ट्यांचा मोबाइलवर फोटो काढा."

पहिल्या फोटोत माझं बोटच आलं. शेवटी तिनंच काढले.