चुन्याच्या परसातली मेथी

आक्का, भोकरहून मी निघाले तेव्हा बाबा गाडीच्या चाकापाशी उभे होते. रडले न्हाईत. एवढंच म्हणाले, "नांदेड शहर हाय. तिथं पायाला माती लागायची न्हाई तुझ्या." त्यांना ते सुख वाटलं. मला शिक्षा वाटली.

सासरी घरामागचं परस पांढरंफटक. यांची नोकरी निजामाच्या कचेरीत, दिवसभर उर्दू कागद. मातीशी संबंध पाय धुण्यापुरता. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "इथं गवतसुद्धा येत न्हाई. दिवाळीला फरशी टाकून घेऊ." चार हात जागाही माझी नसेल, तर मी त्या घरात राहायचं तरी कसं? मी म्हणले, दिवाळीपर्यंत थांबा.

मेथी पेरली. आईसारखीच चुलीतली राख टाकली. रोपं पिवळी पडली. पुन्हा पेरली, राख दुप्पट, उगवलीच न्हाई. चिडून कुदळ घेतली अन् खणलं. वीतभर खाली चुन्याचे गोळेच गोळे. घर बांधताना गवंड्यांनी तिथंच चुना मळला होता. चुन्यात राख म्हणजे आगीत तेल. आपल्या काळ्या रानाला जे मानवायचं ते इथं विष होतं, अन् मी माहेरचं म्हणून डोळे झाकून घालत होते.

चुना टोपल्यांनी उपसला. मृगात ताग पेरला, फुलावर आला तसा हिरवं खत म्हणून मातीत गाडला, वर शेणखत. शेजारणी म्हणायच्या, कचेरीवाल्याची बायको शेण तुडवून राहिली. तुडवते, तुमचं काय जातं?

माझं रडगाणं कुणीतरी बाबांच्या कानावर घातलं असावं. दसऱ्याला दोन दिवस गाडी हाकून ते आले, गाडीभर काळी माती घेऊन. "हातभर पसर, कटकट मिटली," म्हणाले.

मी म्हणले, "न्हाई बाबा. तुमची माती टाकली तर हे परस तुमचं होईल. मला माझं पायजे."

ते जेवलेसुद्धा न्हाईत. भरली गाडी तशीच परत नेली. मला लई रडू आलं, पण हाक मारली न्हाई.

तिसऱ्यांदा पेरलेली मेथी दिवाळीआधी आली, हिरवीगार. सासूबाईंनी स्वतः खुडली. फरशीचं नाव पुन्हा निघालं न्हाई.

सात वर्षं झाली. बाबा म्हणतात, लेक परकी झाली. झाले. गाव कुठलं विचारलं तर मी आता नांदेड सांगते. संक्रांतीला येईन, पाहुणी म्हणून येईन, अन् माझ्या परसातली मेथी आणीन. बाबांनी खाल्ली न्हाई तर आपण दोघी खाऊ, त्यांच्यासमोर बसून.