म्हसोबाच्या आतला मुलगा

प्रिय रेवा आणि निहार,

सर्वात आधी एक खुलासा : तुमच्या आजीच्या अंगात येत नाही.

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, तू खरंच देव होतेस का गं?" तेव्हा कळलं, की तुमच्या बाबांनी केमच्या दगडाची गोष्ट तुम्हाला सांगितली आहे, आणि नेहमीप्रमाणे शेवटाकडून! मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. मला क्रम लागतो. म्हणून पहिल्यापासून लिहिते.

केम स्टेशनवरून आपल्या शेताकडे जाताना सरळ रस्त्याच्या कडेला कमरेएवढा एक दगड होता. शेंदराचे इतके थर, की नाक ना तोंड. नुसते दोन पितळी डोळे. लोक त्याला म्हसोबा म्हणत आणि भर दुपारी त्याच्यासमोर थांबत नसत. तुमचे आजोबा मात्र म्हणत, "म्हसोबा कसला, तो वीरगळ आहे." वीरगळ म्हणजे लढताना मेलेल्या माणसाचा कोरीव दगड. आजोबांच्या आईने त्यांना सांगितलं होतं, की गावची गुरं चोरांपासून सोडवताना इथे एक कोवळा मुलगा मारला गेला. नाव कुणालाच माहीत नाही.

मग रस्ता रुंद करायचं ठरलं. रस्त्याचे साहेब भले गृहस्थ. फोनवर म्हणाले, "काका, काळजी कशाला? देवळामागे नवा ओटा बांधून देतो. देव काय, कुठेही बसेल."

"देव बसेल हो," आजोबा म्हणाले. "पण तो मुलगा इथे मेला."

"मग कोरीव काम दाखवा. फोटो द्या. उद्या मशीन येतंय."

दुसऱ्या दिवशी आम्ही सोलापूरहून निघालो. माझी तयारी चोख : थर्मासमध्ये कोमट पाणी, मऊ ब्रश, जुनं सुती पातळ आणि उलथनं. (शेंदूर उकलायचं वेगळं हत्यार नवी पेठेच्या बाजारातही मिळत नाही, मी विचारलं होतं!) पण गाडी इतकी रेंगाळली, की पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. मशीन अजून आलं नव्हतं. बाभळीखाली मेंढरं राखत सरूबाई बसली होती.

"वैनी, आत्ता नगा थांबू हितं. ही येळ त्याची हाय."

"फोटो काढायचाय फक्त."

"काढा की. त्यो बी तुमाला बघून ठिवंल!"

मी दगडासमोर फतकल मारली. वारा पडला. बाभळीचं पान हलेना. मेंढरांनी चरणं थांबवलं आणि सगळ्यांनी एकदम माना वर करून आमच्याकडे बघायला सुरुवात केली.

"हळू हं," आजोबा.

"हळूच करतेय."

"खालून घाल."

"अहो, मी काय पोळी उलटतेय का?"

शेंदराच्या फटीत उलथनं सरकवलं मात्र, आतून कुणीतरी धरून ठेवलेला श्वास सोडावा तसा आवाज आला. थरांची अख्खी खोळ एका तुकड्यात सुटली आणि माझ्या मांडीवर उपडी पडली. गरम होती. उन्हाने तापली असणार, कळतंय मला. पण ती ऊब तापलेल्या दगडाची नव्हती. ताप आलेल्या मुलाच्या कपाळाची होती.

खोळीची आतली बाजू वर आली होती. त्या पोकळीत तळहाताएवढा एक चेहरा उमटलेला. मिसरूडही न फुटलेला. मी डावीकडे कलले. चेहरा डावीकडे वळला. मी उजवीकडे कलले. तोही!

तुमचे बाबा म्हणतात, हा दृष्टिभ्रम, पोकळ मुखवटा असाच वळल्यासारखा दिसतो. असेल. त्यांना एकदा भर दुपारी तिथे बसवा आणि मग विचारा.

घाबरल्यावर माणसाला आई आठवते म्हणतात. मला वर्ग आठवला! "डोन्ट मूव्ह!" मी त्या चेहऱ्यावर ओरडले. "सिट स्ट्रेट! नोबडी विल मूव्ह!" अंबाडा सुटलेला, हात कोपरापर्यंत शेंदराने माखलेले, मांडीवर देव आणि तोंडात इंग्रजी!

सरूबाई धावत आली आणि दगडासमोर नव्हे, माझ्यासमोर आडवी झाली.

"देवानं खोळ टाकली! वैनीच्या अंगात आला!"

"सरूबाई, उठा. मी उलथन्याने काढली ती!"

"व्हय आई. त्यानंच काडाय लावली."

"अहो, तुम्ही तरी सांगा ना हिला!"

आजोबा खोळीसमोर एकदा इकडे, एकदा तिकडे सरकून बघत होते. "अगं," ते पुटपुटले, "हा माझ्याकडेही बघतोय."

बघता बघता वस्तीवरची माणसं जमली. मी प्यायला पाणी मागितलं, ते माझ्या पायांवर ओतलं! मी म्हणाले, "मला सावलीत जाऊ द्या," तर लोकांनी माझ्यावरच घोंगडं धरलं. तेवढ्यात साहेब आले. लांबूनच बूट काढले, हात जोडले.

"आई, कुठं ठेवायचं म्हणता?"

वीरगळाचं महत्त्व, फोटो, अर्ज, सगळे मुद्दे क्रमाने मांडायला मी तोंड उघडलं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मेंढरंसुद्धा.

आजोबा माझ्या कानाशी वाकले. "'इथेच' म्हण. एवढंच."

"इथेच," मी म्हणाले.

साहेबांनी मान डोलावली. फोटो कुणी मागितलाच नाही!

खोळ लोकांनी वाजतगाजत नेऊन भीमेत सोडली. पाण्यावर तिची आतली बाजू पुन्हा वर आली, आणि बुडेपर्यंत तो चेहरा काठाकडे वळत राहिला. मी त्यानंतर अंबाडा नीट बांधला आणि परतीच्या गाडीत एक शब्द बोलले नाही. (आजोबा म्हणतात, चमत्कार म्हणायचा तर हा.)

वीरगळ आता उघडा उभा आहे. खाली गुरांची रांग, तिच्यावर भाला घेतलेला मुलगा, सगळ्यात वर चंद्र-सूर्य. नाव नाही. तिथे नवा रस्ता सरळ येतो, काही कारण दिसत नसताना बाजूला सरकतो आणि मग परत सरळ जातो. इतकी वर्षं मी इतक्या जणांना इतकं सांगत आले. त्यात माझ्या एका शब्दाखातर जागचा हललेला तो एक रस्ता. तो अजून तिथे तसाच वाकडा आहे.