वीर्राजू शिंप्याचं मत

तणुकूच्या जुन्या थिएटरसमोर दोन गाळे आहेत. एकात मी सोनं-चांदी गाळतो, दुसऱ्यात वीर्राजू कपडे शिवतो. मी मूळचा विट्याकडचा. बापाचं बोट धरून अकराव्या वर्षी इथं आलो तो इथलाच झालो. इथले लोक मला सेटू म्हणतात. आमच्या दोघांच्या मधली भिंत चार इंचाची असल्यामुळे त्याच्या मशीनचा खडखडाट आणि त्याची मतं, दोन्ही मला तीस वर्षं फुकट ऐकायला मिळाली.

मतं म्हणजे सिनेमावरची. दर शुक्रवारी अडीचच्या खेळाला वीर्राजू मशीनवर फडकं टाकून समोर जायचा. खालच्या वर्गात, डावीकडून तिसऱ्या खुर्चीत बसायचा. सव्वापाचला परत येऊन चहा प्यायचा आणि मग बोलायचा. तोवर त्याच्या पायरीवर पाच-सात जण येऊन बसलेले असायचे, कारण तिकिटाचे पैसे घालवायचे की नाही हे त्या चहानंतर ठरायचं. त्याची बायको सीतारत्नम तर थिएटरात कधी गेलीच नाही. ती म्हणायची, घरी बसून सगळं कळतं, वर पाय पसरून ऐकता येतं.

तो बोलायचा ते शिंप्याच्या भाषेत. एका प्रेमकथेनं कॉलेजची पोरं वेडी झाली होती, तिच्याबद्दल म्हणाला, बटणं झकास आहेत, पण काजंच केलेली नाहीत. भुताच्या सिनेमातलं भूत त्याला पटलं, घरातली माणसं खोटी वाटली. पोलिसाच्या सिनेमाला नुसतं ‘रेडीमेड’ म्हणाला आणि कात्री उचलली. मला स्वतःला मारामाऱ्या आवडतात, त्यामुळे आमचं कधी जमलं नाही. मी वाद घालायचो. तो म्हणायचा, सेटू, तुम्ही सोनं तापवून बघता ना, मग सिनेमाच थंडगार कसा गिळता?

एकदा मात्र नाव नसलेल्या पोरांचा एक छोटा सिनेमा आला होता. म्हातारा बाप मुलाकडे जायला निघतो आणि चुकीच्या बसमध्ये बसतो, एवढीच गोष्ट. तो बघून आल्यावर वीर्राजूनं चहा गार होऊ दिला. मग म्हणाला, “एकही टाका दिसत नाही, सेटू. हात कुठनं फिरलाय ते कळतच नाही.” सोमवारपर्यंत रिकामं असलेलं थिएटर गुरुवारी भरलं. त्या दिवशी त्याला सगळे नावापुढं आदराचं ‘गारू’ लावून बोलत होते आणि तो लाजून टेप गळ्यात घालत होता, काढत होता.

मग यंदाची संक्रांत आली आणि चिन्नय्याचा सिनेमा लागला.

चिन्नय्या म्हणजे धाकटे मालक. या हीरोला त्याचे चाहते तीस वर्षं याच नावानं हाक मारतात. तो आता एकसष्टचा आहे. थिएटरवर त्याचा चाळीस फुटी कटआउट उभा राहिला, पोरांनी वर चढून त्याला दुधानं आंघोळ घातली. हे सगळं सूरिबाबूच्या देखरेखीखाली. सूरिबाबू गावातल्या चाहता मंडळाचा अध्यक्ष आणि फ्लेक्स छापणारा. आमच्याकडे बारशापासून बाराव्यापर्यंत फ्लेक्सशिवाय काही होत नाही. माणूस सकाळी गेला तर दुपारी चौकात त्याचा फोटो लागतो, खाली हात जोडलेले नातेवाईक. त्यामुळे गावातला प्रत्येक चेहरा कधी ना कधी सूरिबाबूच्या हाताखालून जातो.

त्या दिवशी खेळ सुटला तेव्हा विजयवाड्याच्या कुठल्याशा यूट्यूब चॅनेलची मुलगी माइक घेऊन फाटकाशी उभी होती. पोरं माइकमध्ये तोंड घालून ओरडत होती. वीर्राजू नेहमीसारखा कडेनं निघाला होता. मी माझ्या पायरीवर उभा होतो. मला काय अवदसा आठवली कोण जाणे, मी त्या मुलीला हाक मारून म्हणालो, ओरडणाऱ्यांना काय विचारतेस, याला विचार, गाव याचं ऐकतं. वीर्राजू नको नको म्हणत होता. मी त्याला खांद्याला धरून पुढं ढकललं. ही माझी चूक, आणि ती मी कुणाच्याही गळ्यात घालणार नाही.

त्यानं माइक बघितला आणि पायरीवर बसल्यासारखाच बोलला. “कापड महागातलं आहे. पण माप घेतलंय तीस वर्षांपूर्वीचं. चिन्नय्याच्या पोटावर बटण ताणलंय, ते सगळ्यांना दिसतंय. त्याच्या घरचं कुणी त्याला सांगत नाही वाटतं. मी सांगितलं असतं. चांगला माणूस आहे, त्याला त्याच्या मापाचं काहीतरी शिवा.”

कुचेष्टा नव्हती त्यात, काळजीच होती. पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते चार लाख लोकांनी बघितलं होतं, आणि कुणीतरी शेवटची दोन वाक्यं कापून टाकली होती.

सूरिबाबू चारच्या सुमारास आला. एकटाच आला, चप्पल बाहेर काढून आत गेला. मला भिंतीला कान लावायची गरज नव्हती. आवाज अगदी मऊ होता.

“बाबाय,” तो म्हणाला. इथं वडिलांच्या वयाच्या माणसाला काका म्हणून अशीच हाक मारतात. “तुम्हाला सिनेमा नीट कळला नाही. तुमची चूक नाही, गर्दी होती. उद्या आपण परत बघू. तिकीट माझं.”

वीर्राजूला त्यात काही वावगं वाटलं नाही. खूषच झाला. दुसऱ्या दिवशी सव्वादोनला दोन मोटारसायकली आल्या, समोरच्या थिएटरात जायला. रस्ता ओलांडायला मोटारसायकल कशाला लागते, असं मी हसून विचारलं. कुणी हसलं नाही. त्याला बाल्कनीत मधोमध बसवलं, दोन्ही बाजूंना चार-चार पोरं. मध्यंतरात गोटी सोडा पाजला. खेळ संपल्यावर सूरिबाबूनं विचारलं, कसा वाटला? वीर्राजू प्रामाणिक माणूस. म्हणाला, आईचा प्रसंग पहिल्यांदा माझ्याकडून निसटला होता, तो चांगला आहे. बाकी मापाचं म्हणाल तर तेच.

“हरकत नाही, बाबाय,” सूरिबाबू म्हणाला. “उद्या परत बघू.”

तिसऱ्या दिवशी परत. चौथ्या दिवशी परत. एक पोरगा सकाळपासून त्याच्या पायरीवर येऊन बसू लागला. नुसता बसायचा. कपडे न्यायला येणारे त्याला बघून पुढं जायचे. संक्रांतीच्या सुट्टीत ज्यांनी घाई करून शर्ट शिवायला टाकले होते, त्यांचे शर्ट तसेच हँगरला लटकत राहिले. गावात कुणी काही बोललं नाही, धमकी तर कुणीच दिली नाही. पोलिसात जाऊन सांगणार काय, की हे लोक मला फुकट सिनेमा दाखवतात?

मी त्याला म्हणालो, म्हणून टाका एकदाचं चांगला आहे. तुमच्या बापाचं काय जातं?

तो शिलाईच्या मशीनमध्ये तेल घालत होता. म्हणाला, “सेटू, तुमच्याकडे पितळ घेऊन कुणी आलं, तर त्याला सोनं म्हणाल?”

मी म्हणालो, समोर आठ जण उभे असले तर म्हणेन.

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की मी उठून भट्टीकडे गेलो.

पाचव्या दिवशी सूरिबाबू मोटारसायकली न घेता आला. मी तेव्हा वीर्राजूकडेच बसलो होतो. सूरिबाबूनं मला नमस्कार केला, सीतारत्नमची चौकशी केली, आणि मोबाइल काढून वीर्राजूपुढं धरला. पडद्यावर दोन फ्लेक्सची चित्रं होती. दोन्हींत फोटो एकच, त्या माइकवाल्या व्हिडिओतला. पहिल्यात रंगीत फुलं, चिन्नय्याचा हसरा चेहरा, आणि ‘आमच्या गावचे वीर्राजूगारू यांचं मन जिंकलेला सिनेमा’ असं लिहिलेलं. दुसऱ्यात वीर्राजूचा फोटो काळा-पांढरा होता. भोवती हार, वर दोन समया, खाली ‘अश्रुपूर्ण श्रद्धांजली’. जन्मतारीख छापलेली होती. तिच्यापुढची जागा मोकळी होती.

“यातलं कुठलं छापू, बाबाय?” सूरिबाबूनं विचारलं. लग्नपत्रिकेचा नमुना दाखवावा तशा आवाजात.

बोलायला हवं होतं, मी बोललो नाही. वीर्राजूनं चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत घातला. दुसरं चित्र त्यानं बराच वेळ पाहिलं.

“जन्मसाल चुकलंय,” तो म्हणाला. “सदुसष्ट नाही, अडुसष्ट.”

“दुरुस्त करतो.”

मशीनच्या चाकावर वीर्राजूचा हात होता, तो ते चाक पुढं-मागं फिरवत राहिला आणि सुई थोडी वर जात होती, थोडी खाली येत होती.

“रंगीत,” तो म्हणाला.

पायरीवरच्या पोरानं तिथंच व्हिडिओ घेतला. वीर्राजू म्हणाला, सिनेमा बागुंदी. बागुंदी म्हणजे छान. तीन वेळा म्हणवून घेतलं, कारण पहिल्या दोन वेळी चेहरा नीट आला नव्हता.

संध्याकाळी रंगीत फ्लेक्स त्याच्या दुकानासमोर लागला. तो मशीनवर बसला की स्वतःचं बारा फुटी तोंड त्याच्याकडे बघायचं. सूरिबाबू जाताना एक गुंडाळी त्याच्या कोपऱ्यात, अस्तरांच्या ताग्यांशेजारी, उभी करून गेला. म्हणाला, “दुसराही छापला, बाबाय. साल दुरुस्त केलंय. असू दे, आज ना उद्या लागतोच.”

गिऱ्हाइकं परत आली. पोरगा पायरीवरून उठला. सगळं पहिल्यासारखं झालं असं मीही म्हणत होतो.

पुढच्या शुक्रवारी वीर्राजू सिनेमाला गेला आणि आला. लोक बसले होते. चहा झाल्यावर तो म्हणाला, बागुंदी. त्याच्या पुढच्या शुक्रवारी बागुंदी. इतका भिकार सिनेमा होता तो, की मध्यंतरात मीसुद्धा उठून आलो होतो. हळूहळू पायरीवर कुणी बसेनासं झालं. एकानं लग्नाचा कोट घालून बघितला, बाही बोटभर आखूड होती. वीर्राजू म्हणाला, छान बसलाय. तीस वर्षांत असं काम त्याच्या हातून बाहेर गेलं नव्हतं.

सीतारत्नम माझ्याकडे येऊन बसली एक दिवस. म्हणाली, “सेटूगारू, ह्यांना काय झालंय? काल मी मुद्दाम डाळीत मीठ घातलं नाही. सगळा भात संपवला आणि म्हणाले, बागुंदी. सत्तावीस वर्षं माझ्या प्रत्येक डाळीला नाव ठेवलं या माणसानं. मला ते भांडण परत पाहिजे.” तिला फ्लेक्सच्या दुसऱ्या चित्राचं कुणी सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही. बोलायची वेळ एकदा गेली की तोंड उघडणं आणखी अवघड होतं, हे मी या वयात शिकलो.

मार्च संपता संपता तिनं वर्षाच्या लोणच्यासाठी मिरच्या आणल्या. त्या वाळवायला आमच्याकडे सगळे जुना फ्लेक्सच अंथरतात. ती दुकानात आली, कोपऱ्यातली गुंडाळी तिनं ओढली आणि तिथंच बसलेल्या मला म्हणाली, एक टोक धरा जरा. मी नको म्हणेपर्यंत ती मागच्या अंगणात पोचली होती. मी टोक धरलं. ती मागं मागं सरकत उलगडत गेली. आधी समया आल्या, मग हार, मग तो.

तिनं वाचलं. वाचून झाल्यावर त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिली. वीर्राजू दारात येऊन उभा होता, गळ्यात टेप.

“हे काय आहे?” तिनं विचारलं.

त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, मग त्या फोटोकडे.

“बागुंदी,” तो म्हणाला. “फोटो छान आलाय.”

सीतारत्नमनं माझ्या हातातलं टोक घेतलं, फ्लेक्स पालथा केला, चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या आणि त्याच्या पांढऱ्या पाठीवर मिरच्या पसरायला लागली.