पडायची गादी

बाई दुकानात आल्या की आधी चपला काढायच्या. मग थप्पीतला फोम ओढून फुटपाथवर टाकायच्या, त्याच्याकडे पाठ करायच्या आणि धाडकन पडायच्या. पंजाबी ड्रेसमधली, पन्नाशीची बाई भर बाजारात मुद्दाम पडताना तुम्ही कधी पाहिली आहे? उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या माझ्या गाद्यांच्या दुकानासमोर हे पहिल्यांदा झालं, तेव्हा शेजारचे सिंधी दुकानदार, आमचे साईं, पाण्याचा ग्लास घेऊन धावले. "बहनजी को लगा क्या?"

बाई उठल्या, वाकून फोम पाहिला. "खळगा राहिला, भाऊ. दुसरा दाखवा."

"अहो, गादी झोपायला असते!"

"झोपायची वेगळी. मला पडायची पाहिजे."

अंबरनाथला एका शाळेमागच्या हॉलमध्ये त्या मुलींना जिम्नॅस्टिक्स शिकवायच्या. डोक्यावर गठ्ठे वाहून मी हे दुकान उभं केलंय. भावात मला कुणी नमवत नाही. बाई भाव करायच्याच नाहीत. मी थकेपर्यंत पडत राहायच्या.

आमच्या कारागिराने सवयीने बाईंच्या गाद्यांच्या रेक्झीनवर छाप मारला : मेड इन यू.एस.ए. आमच्याकडे यू.एस.ए. म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हे शेंबडं पोरही सांगेल. पण हॉलमधल्या मुलींना वाटलं, गाद्या खरंच अमेरिकेच्या. त्यांत माझी लेक सायलीही होती.

बाईंनी खुलासा केला नाही. म्हणाल्या, "अमेरिकेच्या मुली आधी मागेच होत्या गं. रशिया-रुमानियाच्या सगळं घेऊन जायच्या. ह्या पडत पडत वर आल्या."

"ह्याच गादीवर, बाई?"

"अशाच."

एकदा त्यांनी मोबाईलवर जुनी स्पर्धा दाखवली. दुखावलेल्या पायाने एक अमेरिकन मुलगी धावली, उडाली, एका पायावर उतरली. संघाला सुवर्ण. आमच्या पोरींनी टाळ्या पिटल्या.

"टाळ्या नकोत," बाई म्हणाल्या. "तिचा पाय बघा."

राज्य स्पर्धेच्या सकाळी सायलीचा घोटा सुजला आणि बाईंनी तिचं नाव काढून घेतलं. मी हॉल दणाणून सोडला. "चिकटपट्टी बांधा, उतरवा तिला! पोरीचं पदक घालवताय तुम्ही!"

"पदक पुढच्या वर्षी येईल, भाऊ. घोटा नाही येणार."

पुढच्या वर्षी पदक आलं नाही. सायली आता कॉलेजात जाते, धडधाकट जिने चढते. पण ते पदक मी विसरलेलो नाही, आजही नाही.

टोकियो ऑलिंपिकच्या वेळी बाई फोम घ्यायला आल्या होत्या. अमेरिकेची सगळ्यांत मोठी खेळाडू संघाची स्पर्धा अर्ध्यात सोडून बाजूला झाली होती. हवेत आपण कुठे आहोत हेच तिला कळेना, म्हणे. बाई माझ्या काउंटरला टेकून बातमी पाहत होत्या, डोळे भरलेले.

"आज अमेरिका मोठी झाली, भाऊ."

"सुवर्ण गेलं की!"

"तुम्ही माल घ्यायला जाता. भाव परवडला नाही तर काय करता?"

"उठून येतो."

"मग?" एवढंच बोलल्या.

गेल्या वर्षी त्यांना कॅन्सर निघाला. उपचार केले, तो उलटला. डॉक्टर पुन्हा सुरू करू म्हणाले, बाईंनी नको म्हटलं. मी बदलापूरला त्यांच्या घरी गेलो. पलंगावर, माझ्याच दुकानातल्या गादीवर, इतक्याशा झाल्या होत्या.

"पैशाचं बघतो मी," मी म्हणालो.

"पैशाचं नाही हो. परवडत नाही आता."

मी भडकलो. "असं कसं उठून जाता? अजून बोलणी चालू आहेत!"

त्या हसल्या. "भाऊ, ही गादी झोपायची दिलीत हं मला."

पंधरवड्यात गेल्या.

परवा हॉल रिकामा करायचा म्हणून मला बोलावलं होतं. गाद्या भिंतीशी पडून होत्या. छापातलं फक्त 'यू' शिल्लक होतं. मी चपला काढल्या, गुडघे टेकले आणि प्रत्येक गादीवरून हात फिरवला. कुठेतरी बाईंच्या पडण्याने थोडा तरी दबलेला भाग लागेल, असं वाटत होतं.

माल चोख दिला होता मी. एकाही गादीला खळगा नव्हता.