त्याने उखडलेला रकाना

पिपरी मेघेत संगणक दुरुस्त करणारा तो माणूस कळफलकावर एकच बोट चालवतो. कुठलंही बटण दाबण्याआधी ते बोट हवेत धरून विचारतो, "दाबू काय?" त्या प्रश्नाने म्हशीलाही घाम फुटेल. आमच्या वाचनालयाच्या निवडणुकीसाठी त्यानेच एक फुकटचं सॉफ्टवेअर मराठीत वळवलं. सगळ्यांनी फोनवर मतं दिली आणि अध्यक्ष पडले. अध्यक्ष म्हणजे माझे सासरे. ते खोकले की सिंदी मेघेपर्यंत खिडक्या हलतात. त्यांच्या विरोधात मत मीही दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊनच दुकानात शिरले. "कोणी पाडलं मले? नावं काढ!"

बोट हवेत. "दाबू काय?" माझे पाय केव्हाच घरी पळाले, मी तेवढा उभा राहिलो.

पडद्यावर नुसती मतदारांची यादी आली. "कोणाचं मत कोणाले, तो रकाना म्या आधीच उखडून टाकला, साहेब."

सासरे पाय आपटत निघून गेले. मग यादीतल्या वेळेच्या रकान्यावर बोट ठेवून तो मान वर न करता म्हणाला, "जावईबापू, मत द्यायले तुमाले अर्धा तास लागला. काऊन जी?"

तेव्हापासून त्या दुकानासमोरून मी हेल्मेट घालून जातो, पायी असलो तरी.